स्वतंत्र भयपट आणि गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा या पट्ट्यात नाटकाच्या तालमी बघत वाढलेली बरीच मुलं आता कॅमेऱ्याकडे वळली आहेत. त्यांतल्या अनेकांना पहिला चित्रपट भयपटच करायचा असतो. त्यांचे प्रश्न आणि अशा चित्रपटांची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. माझं मत तेवढं मत म्हणूनच वाचावं, नियम आहेत ते नियम.

स्वतंत्र भयपट कशाला म्हणायचं?

ज्याचा पैसा मोठ्या स्टुडिओकडून आलेला नाही आणि ज्याची शेवटची कात्री दिग्दर्शकाच्या हातात आहे, तो स्वतंत्र. भयपट आणि थरारपट यांत रेघ मारत बसू नका. गुन्हा, पाठलाग, रहस्य आणि त्यात न सुटणारं काहीतरी अमानवी, असं मिश्रण आपल्याकडे जुनंच आहे.

पैसा नसलेले लोक भयपटाकडेच का वळतात?

कारण न दाखवलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. प्रेमकथेला चेहरे लागतात, ऐतिहासिक चित्रपटाला घोडे लागतात. भयपटाला एक घर, थोडा अंधार आणि नीट रेकॉर्ड केलेला आवाज पुरतो. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ दिग्दर्शक ओरेन पेली यांनी स्वतःच्याच घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. २००७ मध्ये तो एका भयपट महोत्सवात दाखवला गेला आणि २००९ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. तेव्हा सुरुवात काही मोजक्या कॉलेज असलेल्या गावांतल्या मध्यरात्रीच्या खेळांनी केली, आणि आमच्या गावात आणा म्हणून प्रेक्षकांनीच मागणी नोंदवायची असा मार्ग ठेवला. जगभरातली कमाई १९ कोटी डॉलरच्या वर गेली.

हा आकडा सगळे सांगतात. मधली दोन वर्षं मात्र कोणी सांगत नाही. चित्रपट तयार होता, दाखवणारा मिळत नव्हता. गोव्यात भयपट करू पाहणाऱ्यांनी त्या दोन वर्षांचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. चित्रीकरणाचा खर्च काढता येतो, पण तो वाट पाहण्याचा काळ निभावून नेण्याची तयारी बहुतेकांकडे नसते.

‘तुंबाड’चं उदाहरण सगळे देतात. त्यात नेमकं काय घडलं?

राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचं चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं. पुढे बराचसा भाग पुन्हा चित्रित करावा लागला. २०१८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक विभागाची सुरुवात याच चित्रपटाने झाली, तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. समीक्षकांनी उचलून धरला, पण तिकीटबारीवरची कमाई माफकच राहिली. पुढे फिल्मफेअरमध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना असे तीन पुरस्कार मिळाले.

त्यानंतर तो ओटीटीवर गेला आणि लोकांनी एकमेकांना सांगून सांगून पाहिला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. छोट्या पडद्यावर आधीच पाहिलेले लोक तिकीट काढून परत गेले. का गेले, ते त्या तीन पुरस्कारांकडे पाहिलं की कळतं. पाऊस, वाडा, गर्भगृहासारखी ती लाल जागा आणि कानावर येणारे आवाज, यांतलं काहीच मोबाईलवर पूर्ण पोचत नाही.

यातून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत असतो. भयपटाचं स्वागत पहिल्या शुक्रवारी पुरं होत नाही, पण दुसऱ्यांदा संधी यायची तर चित्रपट तुमच्या हातात शिल्लक असायला हवा. हक्क कोणाकडे, किती वर्षांसाठी दिलेत, मूळ ध्वनी आणि चित्राच्या फाइल कुठल्या हार्ड डिस्कवर आहेत, दुसरी प्रत कोणाकडे आहे, हे लेखी ठेवा. गोव्याच्या दमट हवेत कपाटात टाकलेली एकुलती एक डिस्क हा फार मोठा धोका आहे.

देवचार, राखणदार, वेताळ यांच्यावर चित्रपट करावा का?

करावा, पण कोणाच्या अंगणात उभे आहोत ते ओळखून. मुंबईहून आलेल्या संहितांमध्ये वेताळ हमखास राक्षस असतो. गोव्यात तो देव आहे. आमोण्यात त्याचं देऊळ आहे, काणकोणात लोलयेला त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे, लोक नवस बोलतात, कौल घेतात. त्याला रक्तपिपासू करून दाखवलात, तर गावाच्या दृष्टीने तुम्ही ग्रामदेवतेवर चिखल उडवलात.

देवचाराचंही तसंच. गावाची सीमा सांभाळणारा, काठी आणि घोंगडी घेऊन रात्री फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा असं त्याचं वर्णन जुनी माणसं करतात. त्याला दिलेला शब्द मोडला तर मात्र तो सोडत नाही. आता यात कथा कुठे आहे ते बघा. भीती त्याच्या दिसण्यात नाही, आपण केलेल्या कराराच्या मोडण्यात आहे. सीमेवरची जमीन विकली, झाड तोडलं, वर्षाचं देणं चुकवलं, आणि राखणारा राखेनासा झाला. अशी गोष्ट आजच्या गोव्यात किती जवळची वाटेल! डोंगर कापले जाताना पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

साळ गावचा गडे उत्सव होळीच्या सुमारास होतो. गडे म्हणजे त्यात भाग घेणारे गावकरी. अंगात आल्यावर ते रात्री रानाकडे धावतात, दूर अंधारात देवचाराच्या दिवट्या दिसतात अशी श्रद्धा आहे आणि ते पाहायला मोठी गर्दी लोटते. तिथे कॅमेरा घेऊन जाऊन चार दृश्यं चोरून आणायची आणि भुताच्या प्रसंगात चिकटवायची, हे करू नका. गावकऱ्यांना विचारा, संहिता वाचून दाखवा. ते नको म्हणाले तर तुमचा स्वतःचा उत्सव, स्वतःचं गाव कल्पनेने उभं करा. जागर आणि रणमाले या लोकनाट्यांच्या मुखवट्यांतून, गायनातून, रात्रभर चालणाऱ्या लयीतून शिकण्यासारखं इतकं आहे की उचलेगिरीची गरजच पडत नाही.

मराठीत करू की कोकणीत?

पात्रं घरात जशी बोलतात तसं. सत्तरीतल्या घरात माणसं कोकणी बोलतात आणि देवळात मराठी आरती म्हणतात, रात्रीच्या नाटकात मराठी संवाद ऐकतात. दोन्ही भाषा एकाच चित्रपटात नांदू शकतात. दोन्ही भाषांतल्या चित्रपटांसाठी गोवा मनोरंजन संस्थेची अर्थसहाय्य योजना आहे आणि गोवा राज्य चित्रपट महोत्सवही दोन्ही भाषांचा आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम वाचा. भाषेमुळे चित्रपट लहान राहतो ही भीतीही सोडा. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ २०१७ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्यांनीच त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ ओटीटीवर आणला.

चित्रीकरणासाठी कोणाकोणाची परवानगी लागते?

राज्यातल्या परवानग्यांसाठी पहिलं दार गोवा मनोरंजन संस्थेचं. जुन्या गोव्यातल्या संरक्षित चर्चसारख्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, काही किल्ले राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. मोले किंवा म्हादई अभयारण्यात वन खातं. ड्रोन उडवायचा तर दाबोळीचा नौदल तळ आणि मोपा विमानतळ दोन्ही लक्षात ठेवा.

भयपटवाले एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे प्राणी. काळं मांजर, बोकड, कोंबडा, काहीही पडद्यावर आणायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि ते कागद सेन्सॉरच्या वेळी मागितले जातात. संगणकावर तयार केलेला साप असेल तर तसं पडद्यावर लिहावं लागतं. खऱ्या नागाला हात लावण्याचा विचारही करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो आणि यायलाच हवा.

पावसाळ्यात शूट करू का? वातावरण छान असतं.

डोळ्यांना छान असतं, कॅमेऱ्याला नाही. मागून दिवा लावल्याशिवाय खरा पाऊस पडद्यावर फारसा दिसतच नाही. कौलांवरचा आवाज मात्र सगळे संवाद गिळतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवळ तशीच असते आणि रात्री बेडूक, रातकिडे यांचे आवाज मिळतात. ते वेगळे रेकॉर्ड करून ठेवा. गोव्यातल्या रात्रीचा आवाज बाजारातल्या तयार ध्वनीसंग्रहात सापडत नाही, आणि इथला प्रेक्षक तो फरक लगेच ओळखतो.

सेन्सॉरमध्ये भयपट अडकतो का?

अडकतो असं सरसकट नाही. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हिंसा, क्रौर्य आणि भीती यांची निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी दृश्यं नसावीत असं म्हटलं आहे. भर ‘निरर्थक’ या शब्दावर आहे, म्हणून प्रत्येक रक्तरंजित दृश्य कथेसाठी का हवं आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

२०२४ च्या प्रमाणन नियमांनी यूए वर्गाचे तीन भाग केले : ७ अधिक, १३ अधिक, १६ अधिक. हे आकडे पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत. ए प्रमाणपत्र मात्र सक्तीचं, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र १० वर्षांऐवजी कायमचं वैध राहतं. ए मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, त्यासाठी सुधारित आवृत्तीचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ज्यांचा हिशेब टीव्हीच्या हक्कांवर उभा आहे त्यांनी हे संहितेच्या वेळीच ठरवावं.

गोव्यात सेन्सॉर मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नाही. अर्ज ऑनलाइन होतो, पण मुंबईची फेरी धरून चाला. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती, आणि तिच्यानंतर थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. छोट्या निर्मात्यावर याचा फार भार पडतो. दोन मिनिटांच्या दृश्यासाठी वकील लावणं कोणाला परवडणार? माझ्या मते ते न्यायाधिकरण जाणं हे स्वतंत्र चित्रपटांचं मोठं नुकसान आहे.

चित्रपटाचं नाव आणि हक्क यांची काळजी कशी घ्यावी?

नाव निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवा, संहितेची नोंद करा, संगीत आणि ध्वनीचे करार लेखी ठेवा. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा स्वतंत्र भयपटांचा मूळपुरुष. प्रदर्शनाच्या आधी त्याचं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सार्वजनिक झाला. कोणीही दाखवावा, कोणीही विकावा. भारतातला कायदा वेगळा आहे, इथे एका ओळीने हक्क जात नाहीत. करार न केल्याने मात्र रोज जातात.

इफ्फी गोव्यातच होतो. आमच्या चित्रपटाला काही फायदा?

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत आहे. मुख्य विभागात निवड झाली तर उत्तमच. पण मी तुम्हाला फिल्म बझारकडे (२०२५ पासून ‘वेव्ज फिल्म बझार’) बोट दाखवीन. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये सुरू केलेला हा बाजार इफ्फीच्याच दिवसांत भरतो. तिथे अर्धवट संकलित चित्रपटांवर जाणकारांकडून काम करून घेण्याची सोय आहे, पूर्ण झालेले चित्रपट महोत्सवांचे निवडकर्ते आणि खरेदीदार बसून पाहतात. देशभरातून, परदेशातून माणसं त्यासाठी विमानाने येतात. म्हापशाहून बसने जाता येतं, तरी आपली मुलं माकिनेज पॅलेसच्या बाहेर फोटो काढून परततात, याचं मला वाईट वाटतं. अर्जाची मुदत महोत्सवाच्या बरीच आधी संपते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये जागे होऊ नका.

थिएटर मिळत नाही. काय करायचं?

आधी कारण समजून घ्या. डिजिटल प्रोजेक्शनसाठी प्रत्येक पडद्यामागे वेगळं शुल्क द्यावं लागतं. मल्टिप्लेक्स सकाळचा एखादा खेळ देतं, सोमवारपर्यंत गर्दी दिसली नाही की उतरवतं. मराठी चित्रपटांना पडदे राखून ठेवण्याचा महाराष्ट्राचा नियम पत्रादेवीच्या सीमेअलीकडे, म्हणजे गोव्यात, लागू नाही. भयपटाला सकाळी अकराचा खेळ मिळणं म्हणजे जवळजवळ न मिळणंच, तेव्हा वाटाघाटीत खेळांच्या संख्येपेक्षा वेळेसाठी भांडा. रात्री नऊचा एक खेळ सकाळच्या तीन खेळांपेक्षा मोलाचा.

दुसरा रस्ता गोव्याने स्वतःच दाखवलेला आहे. ‘नाचुया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट मोठ्या प्रमाणावर सभागृहांमध्ये तिकीट लावून दाखवला गेला आणि लोकांनी तो भरभरून पाहिला. आपल्याकडे मडगाव, साखळी, कुडचडे इथे रवींद्र भवनं आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. जत्रेतलं नाटक रात्री उशिरापर्यंत बघायची सवय असलेला प्रेक्षक आहे. गावोगाव फिरणारा भयपट ही कल्पना मला अजिबात अशक्य वाटत नाही. लक्षात ठेवा, सभागृहातल्या सार्वजनिक खेळालाही, अगदी मोफत असला तरी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. तिकीट १०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के.

कोणत्या महिन्यात प्रदर्शित करावा?

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत नको, माणसं घरात गुंतलेली असतात. मोठ्या हिंदी चित्रपटाच्या आठवड्यातही नको. एवढं सोडून बाकी तारखा चालतात.

थेट ओटीटीवर दिला तर?

देता येतो. तिथे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, २०२१ च्या नियमांनुसार मंचच वयोगट ठरवतो. पण चित्रपटगृहात न लागलेल्या, ओळखीचा चेहरा नसलेल्या चित्रपटाला मंच आजकाल फारसे पैसे देत नाहीत. शिवाय माझं ठाम मत असं की भीती गर्दीत वाढते. अनोळखी दोनशे माणसांनी एकाच वेळी श्वास रोखलेला असतो, तो अनुभव घरी हातात रिमोट असताना येत नाही. आधी थोडे तरी खेळ लावा, मग मंचाकडे जा.

समीक्षक कौतुक करतात आणि प्रेक्षक चिडून बाहेर पडतात. असं का?

जाहिरात एका चित्रपटाची आणि पडद्यावर दुसराच, म्हणून. २०१८ चा ‘हेरेडिटरी’ समीक्षकांनी वाखाणला, पण अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला डी प्लस ही खालची श्रेणी दिली. दचकवणारा चित्रपट पाहायला आलेल्यांना एका कुटुंबाचं दुःख हळूहळू सोलून दाखवलं गेलं होतं. चित्रपट तरीही चालला.

तुमचा चित्रपट संथ असेल तर ट्रेलरही संथ ठेवा. पाच दचके चित्रपटात असताना पाचही ट्रेलरमध्ये टाकणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, आणि फसलेला प्रेक्षक मध्यंतरातच फोन काढून लिहितो. वृत्तपत्रांतल्या परीक्षणांबद्दल म्हणाल तर गोव्यात मराठी दैनिकं अजून घराघरांत वाचली जातात. त्यांच्या सांस्कृतिक पानांसाठी आधीच खास खेळ ठेवा. आणि वाईट लिहिलं गेलं तर उत्तर देत बसू नका.

कोणी मोबाईलवर चित्रपट रेकॉर्ड करताना दिसला तर?

व्यवस्थापकाला कळवा. २०२३ च्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. छोट्या चित्रपटाची एक क्लिप फिरली की शेवट फुटतो आणि पुढचे खेळ रिकामे जातात.

सभागृहात खेळ लावायचा आहे. आधी काय तपासू?

आवाज सगळ्यात आधी. ही सभागृहं नाटकासाठी बांधलेली, आवाज घुमतो आणि संवाद पुसट होतात. संवादांची पातळी किंचित वर घेतलेली वेगळी ध्वनिप्रत करून घ्या. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून सगळ्यात शांत प्रसंग ऐका. पंख्यांचा आवाज त्याच्यावर मात करत असेल तर वातानुकूलनाचा खर्च धरा.

मग अंधार. बाजूच्या दारांना जाड काळे पडदे लावा, कारण रस्त्यावरच्या गाडीचा एक झोत पडला की रात्रीचं दृश्य संपलं. साध्या प्रोजेक्टरवर काळा रंग करडा दिसतो, म्हणून गडद प्रसंगांची थोडी उजळ प्रतही सोबत ठेवा. आपत्कालीन दारं आणि त्यांच्यावरचे दिवे मात्र झाकायचे नाहीत. तिकीटखिडकीवर प्रमाणपत्राचा वर्ग मोठ्या अक्षरांत लावा. ए असेल तर लहान मुलं घेऊन आलेल्या पालकांना तिथेच नम्रपणे परत पाठवावं लागेल, त्यासाठी समजूतदार माणूस दारावर उभा करा. आणि वीज गेली तर जनरेटर किती वेळात चालू होतो, हे सभागृहाच्या माणसाला विचारून नुसतं ऐकून घेऊ नका, चालू करून दाखवायला सांगा.